तिवस्याची मुराळी

शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात मी वीनाचं नाव चुकीचं लिहिलं, तिथून आमची ओळख सुरू होते.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमची मराठी शाळा. मी तेव्हा तिथे मुख्याध्यापक होतो आणि राहायलाही शाळेपासून दोन गल्ल्या सोडून. जूनचा दुसरा आठवडा असेल. आमच्या गल्लीतल्या सत्यभामाबाई एका तरुण बाईला घेऊन ऑफिसात आल्या. बाईच्या अंगावर सलवार-कमीज, डोक्यावरून घट्ट ओढलेली ओढणी, कडेवर तीन वर्षांचा मुलगा आणि हाताशी सात वर्षांची मुलगी. मुलीचं नाव महक.

“सर, हे आमची भाडेकरीन व्हय. इच्या पोरीले शाळेत घ्या,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

मी आधीच्या शाळेचा दाखला मागितला. बाईनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. उजवीकडून डावीकडे लिहिलेला. त्यातलं एक अक्षरही मला वाचता येईना. तसं म्हटल्यावर तिनं कागद स्वतःकडे वळवला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत मला हिंदीत सांगू लागली. शाळेचं नाव, इयत्ता पहिली, वागणूक चांगली, गणितात वर्गात पहिली. फळ्यासमोर उभं राहून वाचावं तसं तिचं वाचणं होतं, सावकाश, शब्द सुटे करून. तुम्ही शिक्षिका आहात का, असं मी विचारलं.

“थी,” ती म्हणाली. एवढंच.

वयाप्रमाणे मुलीला दुसरीत बसवायचं ठरलं. आईचं नाव विचारलं तेव्हा ती म्हणाली, वीना. मी लिहिलं, वीणा. तिला देवनागरी वाचता येत होती, सिंधमधल्या त्यांच्या मंदिरात ती लहानपणी शिकली होती. ती वाकून म्हणाली की ण नाही, न. मराठीत हे नाव असंच लिहितात, असं मी तिला समजावू लागलो, तर सत्यभामाबाईंनी मला मध्येच थांबवलं. “सर, आमी तं वीनाच म्हनतो. तुमीच तेवढे शुद्ध बोलता.” मी खाडाखोड केली आणि बाजूला सही केली.

वीना आणि तिचा नवरा परमानंद सिंधमधल्या कंधकोटचे. परमानंदचं भावासोबत कापडाचं दुकान होतं आणि वीना मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. एका हिवाळ्यात परमानंदच्या भावाला दुकान बंद करून घरी येताना कोणीतरी उचलून नेलं. बावीस दिवसांनी तो परत आला. अंगावर जखम नव्हती, पण नंतर त्यानं दुकानाची पायरी चढली नाही आणि बोलणंही जवळजवळ सोडलं. त्या वर्षी घरात ठरलं की ज्यांना लहान मुलं आहेत त्यांनी निघायचं.

हरिद्वारच्या यात्रेचा व्हिसा मिळाला. यात्रेलाच चाललो आहोत असं सगळ्यांना सांगायचं होतं, म्हणून सामान यात्रेपुरतंच घेतलं. शनिवारी वीनानं वर्ग नेहमीसारखा घेतला, शुद्धलेखन दिलं आणि सोमवारी वह्या तपासते म्हणून सांगितलं. हे मला तिनं फार नंतर सांगितलं. आईला मात्र खरं माहीत होतं. तिनं निघताना मुलीला मिठीही मारली नाही, कारण शेजारणी दारात उभ्या होत्या.

लाहोर, अटारी, दिल्ली असं करत चौघं अकोल्यात उतरले. अकोलाच का, तर परमानंदचे मामा सिंधी कॅम्पात राहत होते. पहिले दोन महिने मामांच्या घरातच गेले. मामांनी आणि कॅम्पातल्या लोकांनी त्यांच्यासाठी खूप केलं. कागदपत्रं, गॅस, भांडीकुंडी, परमानंदला कापडाच्या दुकानात काम. तरी वीनाला तिथे वेगळंच वाटायचं. आपल्याच माणसांत चाललोय असं ती वाटभर मुलांना सांगत आली होती. इथल्या सिंधी घरांतली मुलं हिंदी बोलायची, त्यांच्या आया हिंदी-मराठी-सिंधीची मिसळ बोलायच्या, आणि तिची लिपी वाचणारं पासष्टीच्या आत कोणी नव्हतं. शिवाय त्यांना सगळे “पाकिस्तानवाले” म्हणायचे. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसायचं. त्यांचे आजे-पणजे फाळणीत तिकडूनच आले होते. पण वीनाला तो शब्द कानाला लागायचा, कारण तिकडे असताना लोक त्यांना “हिंदुस्थानवाले” म्हणायचे.

परमानंद रोज सकाळी दुकानातल्या देवाच्या तसबिरीसाठी हार घ्यायचा, तो केशवरावांकडून. केशवराव म्हणजे सत्यभामाबाईंचे यजमान. घराणं माळ्याचं. बाळापूर रोडकडे दोन एकर, त्यात झेंडू, शेवंती, निशिगंध आणि थोडी पालेभाजी, आणि राजेश्वराच्या देवळाजवळ फुलांचं दुकान. कुठे खोली मिळेल का, असं परमानंदनं त्यांना एकदा सहज विचारलं. केशवरावांच्या घरामागे एक खोली आणि छोटं स्वयंपाकघर रिकामं होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी बोलावून दाखवलं आणि हो म्हटलं.

घरात याला विरोध होता तो केशवरावांच्या वडिलांचा. महादेवराव तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. मांडीचं हाड मोडल्यापासून ते ओसरीवरच्या लोखंडी पलंगावर बसून असायचे. भाडेकरू राहायला आले त्याच्या तिसऱ्या दिवशी चौकशीसाठी पोलीस आले. बाहेरदेशच्या माणसाची अशी चौकशी होतेच, त्यात विशेष काही नव्हतं. पण महादेवरावांच्या दारात जन्मात कधी पोलीस आला नव्हता. सगळी गल्ली बाहेर येऊन बघत होती. पोलीस गेल्यावर त्यांनी मुलाला बोलावून सांगितलं की या लोकांना महिन्याच्या आत काढ. केशवराव वडिलांना उलट बोलत नसत. ते हो म्हणाले आणि काहीच केलं नाही. महिना गेला, दुसरा गेला. महादेवराव वीनाशी एक शब्द बोलत नव्हते. ती अंगणातून गेली की ते मान फिरवून भिंतीकडे बघायचे. तीही मग मागच्या दारानं जाऊ-येऊ लागली.

तिचे पहिले सहा महिने असे मागच्या दाराचेच गेले. दिवसभर खोलीचं दार लावून ती दोन मुलांसोबत आत बसायची. अकोल्यात तिला एकाच गोष्टीचा त्रास झाला नाही, तो म्हणजे उन्हाचा. मे महिन्यात आम्ही सगळे कूलरसमोरून हलत नव्हतो तेव्हा ती दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालायची. आमच्याकडे याहून जास्त असतं, असं तिनं सत्यभामाबाईंना सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, “मंग तू इकडे कशाले आली, थंडी वाजाले?” वीनाला शब्द कळले नाहीत, पण ही बाई आपली थट्टा करते आहे एवढं कळलं, आणि कोणीतरी आपली थट्टा केली याचं तिला बरं वाटलं.

दार उघडलं ते श्रावणात. श्रावण म्हणजे फुलवाल्यांची झोप उडवणारा महिना. सोमवार, मंगळागौर, शेवटी कावडयात्रा. सत्यभामाबाई, त्यांची मुलगी हर्षा आणि मुलगा सागर असे तिघं ओसरीवर बसून हार करायचे, तरी हात पुरायचे नाहीत. एका रविवारी सकाळी सत्यभामाबाई मागच्या खोलीशी गेल्या आणि वीनाच्या हातात सुई-दोरा देऊन म्हणाल्या, “येऊन बस. एकटी काहून बसली?” महादेवराव पलंगावर होतेच. वीना त्यांच्याकडे पाठ करून बसली.

झेंडूचे हार तिला दोन दिवसांत जमले. मग मोगऱ्याचे गजरे करायला दिले, तर तिनं विटीएवढाले तुकडे करून टाकले. हर्षा हसायला लागली. हे काय, लहान मुलांसाठी केले का, म्हणून सत्यभामाबाईंनी विचारलं. वीनानं एक गजरा उचलून हर्षाच्या मनगटावर बांधला. तिच्या गावाकडे गजरा हातात बांधतात, केसांत नाही. हर्षा तेव्हा एकवीस वर्षांची, बी.ए. झालेली, बोलायला मोकळी. ती दिवसभर मनगटातला गजरा मिरवत फिरली. पुढच्या आठवड्यात तिच्या मैत्रिणी तसेच गजरे मागायला आल्या. हर्षा आणि वीना यांची तिथून गट्टी जमली. हर्षा तिला मराठी शिकवायची, आणि ती शिकवायची ते अर्थातच घरचं बोलणं. महकच्या पुस्तकात “मी जात आहे” असायचं आणि तिची आई म्हणायची “मी जाऊन राहिली.” माझ्याकडे येऊन महक तक्रार करायची की आईचं चुकतं. दोन्ही बरोबर आहे, असं मी तिला सांगायचो.

पुढच्या उन्हाळ्यात हर्षाचं लग्न ठरलं. मुलगा तिवस्याचा, नाव शिवम. घरची संत्र्याची बाग. बोलणी पुढे सरकली आणि मुलाच्या आजीची, मनकर्णाबाईंची, तब्येत बिघडली. आजीच्या डोळ्यांदेखत लग्न व्हावं म्हणून बारा दिवसांनंतरची तारीख धरली, आणि आजीला हलवता येत नव्हतं म्हणून लग्नही तिवस्यालाच करायचं ठरलं.

आता अडचण अशी की वीनाच्या कुटुंबाचा व्हिसा लांब मुदतीचा होता आणि त्या काळी तो अकोल्यापुरता होता. अकोल्याबाहेर पाऊल टाकायचं तर आधी परवानगी काढावी लागे. तिवसा अमरावती जिल्ह्यात. सत्यभामाबाईंना हे सांगितलं तर त्यांना ते खरंच वाटेना. अकोल्याहून अमरावतीला लोक भाजी विकायला जातात, तिथे जायला कसली परवानगी. त्या स्वतः वीनाला घेऊन पोलीस ऑफिसात गेल्या. मीही सोबत होतो, अर्ज लिहायला.

तिथला कारकून माणूस भला होता. त्यानं अर्ज वाचला आणि सांगितलं की कागद अमरावतीला जाऊन परत यायला पंधरा दिवस तरी लागतात, माझ्या हातात काही नाही. मग अर्जातल्या एका रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. ज्यांच्याकडे जायचं त्यांच्याशी नातं काय, हे मी मोकळं सोडलं होतं. काय लिहावं ते मला सुचलं नव्हतं.

“घरमालक लिहा,” तो म्हणाला.

“घरमालकाच्या पोरीच्या लग्नाले कोनी परवानगी काढते का?” सत्यभामाबाई म्हणाल्या. “हर्षाची मोठी बहीन लिहा. मी सही करतो.”

असं खोटं लिहिता येत नाही, असं कारकून म्हणाला. शेवटी “कौटुंबिक स्नेह” असं काहीतरी लिहून आम्ही अर्ज दिला. बाहेर आल्यावर वीना म्हणाली की काकू, राहू द्या, मी नाही आले तरी चालेल. सत्यभामाबाई घरी पोचेपर्यंत तिच्याशी बोलल्या नाहीत.

पंधरा दिवस लागतात म्हटल्यावर बारा दिवसांत कागद आला नाही, हे ओघानंच आलं. लग्नाच्या आदल्या दिवशी वीनानं नवरा-नवरीचे हार एकटीनं केले. गुलाब आणि निशिगंध, मध्ये मरव्याची हिरवी काडी. सकाळी सहा वाजता वऱ्हाडाची गाडी निघाली. हर्षा गाडीत बसायच्या आधी तिच्या गळ्यात पडून रडली. सत्यभामाबाईंनी घराच्या किल्ल्यांचा जुडगा वीनाच्या हातात दिला. परमानंदला दुकानातून सुटी नव्हती. गल्ली रिकामी झाली आणि त्या मोठ्या घरात उरले वीना, तिची दोन मुलं आणि पलंगावरचे महादेवराव.

ती चहा घेऊन गेली तेव्हा त्यांनी कप घेतला. ती परत वळली तशी म्हणाले, “मुहूर्त किती वाजताचा हाय?” सव्वा वर्षातलं त्यांचं तिच्याशी पहिलं बोलणं. अकरा चाळीसचा, असं तिनं सांगितलं. त्यांनी तिला देवघरातून तांदूळ आणि कुंकू आणायला लावलं आणि अक्षता करून घेतल्या. मग विचारलं, फोन लागेल का.

साडेअकराला सागरनं तिवस्याहून फोन लावला आणि मंडपातल्या भोंग्याजवळ धरला. मंगलाष्टकं ऐकू येत होती, पण खरखरीत. महादेवरावांना कमी ऐकू यायचं. फोन वीनाच्या कानाला. तिनं मराठी लग्न कधी बघितलं नव्हतं. त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं की “सावधान” हा शब्द आला की सांग. ती एक कान फोनला लावून उभी राहिली आणि दर वेळी हात वर करून सांगत होती, आबाजी, आता. ते रिकाम्या अंगणात अक्षता टाकत होते. महक आणि तिचा भाऊ साहिलही टाकत होते. शेवटी तिकडे वाजंत्री सुरू झाली आणि फोन कट झाला. महादेवरावांचे डोळे भरले होते. पहिली नात, आणि तिच्या लग्नाला आजोबा नाहीत.

मग ते तिला म्हणाले, “लग्नात एक मानूस घर राखाले ठेवा लागते. परक्याले नाई ठेवत.”

हे ऐकून तिला बरं वाटलं असेल असं कोणालाही वाटेल. मला तिनं खरं सांगितलं. म्हणाली की सर, त्यांनी ते चांगल्या मनानं म्हटलं, पण माझं मन काही भरलं नाही. मला लग्नाला जायचं होतं. खोलीत जाऊन ती बराच वेळ रडली. एका कागदामुळे आईला भेटता येत नव्हतं, आणि दुसऱ्या कागदामुळे इथलंही कोणी आपलं म्हणता येत नव्हतं.

लग्नानंतर आठव्या दिवशी पोलीस ऑफिसातून फोन आला. परवानगी आली होती. तीन दिवसांसाठी, तिवसा, जाताना आणि येताना तिथल्या ठाण्यात नोंद करायची.

लग्न तर होऊन गेलं होतं. इकडे घरात वेगळीच काळजी होती. लग्नानंतर पाचव्या दिवशी नवरीला माहेरी आणायचं ठरलं होतं आणि त्यासाठी सागरनं जायचं होतं. पण लग्नाच्या धावपळीत सागरला ऊन लागलं. तो सलाईनवर होता. केशवराव दुकान आणि दवाखाना यांच्या मधे अडकलेले. हर्षा रोज फोन करून कधी येता म्हणून विचारायची आणि आईनं बरं आहे ना विचारलं की बरं आहे म्हणायची. त्या म्हणण्याचा सूर सत्यभामाबाईंना आवडत नव्हता. त्या वीनाला म्हणाल्या, “कागद आलाच हाय तं जाऊन ये. पोरीले पाहून ये. सागर आठ दिवसानं येते म्हन.”

एवढा निरोप घेऊन वीना निघाली. सोबत दोन मुलं, शेव-चिवड्याचा डबा आणि पर्समध्ये परवानगीचा कागद. दीड वर्षात ती अकोल्याच्या बाहेर गेली नव्हती. एसटीच्या खिडकीतून तिला नांगरून ठेवलेली काळी शेतं दिसली. दिसेल ते ती मुलांना दाखवत राहिली, पण पुष्कळशा गोष्टींची नावं तिलाच माहीत नव्हती. अमरावतीला गाडी बदलली. मोझरी गेल्यावर तिवसा आलं. आधी ठाणं. तिथले हवालदार धम्मदीप नावाचे, वीनाच्याच वयाचे. पाकिस्तानचा पासपोर्ट त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा. उलटसुलट करून बघितला, नोंद केली आणि मुलांना माठातलं पाणी दिलं.

शिवमच्या घरी ती पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पुढच्या खोलीत बाजेवर मनकर्णाबाई होत्या. तब्येत सुधारली होती, लग्न बघून जरा जास्तच. सुनेच्या माहेरचं माणूस आलं म्हटल्यावर घरात धावपळ झाली. पाय धुवायला पाणी आलं. मनकर्णाबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला.

“मुराळी म्हनून आली का वं?”

लग्न झालेल्या मुलीला सासरहून माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. बहुतेक भाऊ असतो. वीनाला हा शब्द माहीत नव्हता. तिला वाटलं, मुराळी म्हणजे पाहुणी.

“हो,” ती म्हणाली.

तेवढ्यात हर्षा बाहेर आली. नऊवारी नाही, साधीच साडी, पण डोक्यावर पदर आणि चेहरा उतरलेला. वीनाला बघून तिला हुंदका आवरेना. सासूबाई समंजस होत्या, त्यांनी दोघींना आत पाठवलं. जेवण झालं, गप्पा झाल्या. संध्याकाळी वीनाला दिसलं की हर्षाची बॅग भरली जाते आहे. शिवमची आई डब्यात लाडू भरत होती, शिवम उद्याच्या गाडीची वेळ बघत होता. तिनं हर्षाला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, तू कुठे चालली. हर्षा म्हणाली, तुझ्यासोबत, तूच तर न्यायला आली म्हणालीस.

काय घोटाळा झाला ते वीनाच्या तेव्हा लक्षात आलं. सत्यभामाबाईंनी सांगितलेला निरोप वेगळाच होता. नवीन व्याह्यांकडे आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो, हे आता कसं निस्तरायचं. ती खरं सांगायला बाहेर निघाली तर हर्षानं तिचा हात धरला.

“नाई म्हनू नको,” ती म्हणाली. “इथी सगळे चांगले हायेत, मले कोनी काई म्हनत नाई. पन रोज सकाळी उठल्यावर मले समजतच नाई मी कोठी हावो.”

वीना मला म्हणाली, हे वाक्य ऐकलं आणि मी बाहेर जायची थांबले. ही पोरगी दीडशे किलोमीटरवर आली होती, आणि तिला जे होत होतं ते मला दीड वर्ष होत होतं. तिला मी काय सांगणार होते की आठ दिवस थांब.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाईंनी वीनाची ओटी भरायला लावली. साडी, नारळ, गहू. मुराळी बाईमाणूस असेल तर तसंच करतात, असं त्या म्हणाल्या, आणि घरात कोणी वाद घातला नाही. शिवमनं सगळ्यांना स्टँडवर सोडलं. गाडीच्या आधी ठाण्यात जायचं होतं. हवालदारांनी निघाल्याची नोंद केली आणि हर्षाकडे बघून विचारलं, या कोण?

खोटं लिहिता येत नाही, हे वीनाला माहीत होतं. म्हणाली, “आमच्या घरची पोरगी हाय. माहेरी नेऊन राहिली.”

त्यांनी ते काही लिहिलं नाही. नुसतं, जपून जा ताई, असं म्हणाले.

इकडे कोणालाच पत्ता नव्हता. हर्षानं मुद्दामच फोन करू दिला नव्हता. दुपारी गल्लीत ऑटो थांबला तेव्हा मी दारातच होतो. आधी मुलं उतरली, मग वीना, मग बॅग घेऊन हर्षा. सत्यभामाबाई भाजी निवडत होत्या. मेथीची जुडी हातात तशीच धरून त्या उभ्या राहिल्या. काय झालं, भांडण झालं का, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. वीनानं घाबरतच सगळं सांगितलं. बोलता बोलता तिचं मराठी संपलं, मग हिंदी आलं, मग सिंधी. सत्यभामाबाई ऐकत होत्या आणि त्यांचं लक्ष तिच्या हातातल्या साडीकडे गेलं.

“ओटी भरली तुई?” त्यांनी विचारलं.

“भरली.”

“मंग मुराळीच झाली तू,” त्या म्हणाल्या, आणि मुलीला जवळ घेतलं. पलंगावरून महादेवराव काय झालं, काय झालं म्हणून ओरडून विचारत होते. हर्षानं त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. ते इतके हसले की खोकला लागला आणि पाणी द्यावं लागलं.

त्यानंतर तीन वर्षांनी महादेवराव गेले. शेवटच्या आजारात त्यांना अंघोळ घालायला परमानंद केशवरावांना हात द्यायचा. व्हिसाचे नियम पुढे सैल झाले, राज्यात कुठेही जायची मोकळीक झाली. नागरिकत्वाला मात्र फार वर्षं लागली. त्या वर्षांत वीनाची आई कंधकोटला वारली. वीनाला जाता आलं नाही. फोनवर कळलं तेव्हा ती दुकानात झेंडूचे ढीग वेगळे करत होती. सत्यभामाबाईंनी दुकान बंद केलं आणि तिला घरी नेलं. बारा दिवस त्यांनी आपल्या घरून तिच्याकडे जेवण पाठवलं. हर्षा तिवस्याहून आली आणि दोन दिवस राहिली. पण आईला शेवटचं बघितलं नाही हे दुःख त्यानं गेलं नाही, आणि ते गेलं असं वीनाही कधी म्हणाली नाही.

आता परमानंदचं स्वतःचं छोटं दुकान आहे. ते लोक आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायला गेले. हार-गजऱ्यांचं काम वीना अजून केशवरावांच्याच दुकानात करते, आता अर्ध्या भागीत. साहिल शाळेत आहे आणि शुद्धलेखनात कच्चा आहे. महकला अमरावतीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिला हॉस्टेलवर सोडायला वीना गेली होती. दर रविवारी हर्षा तिवस्याहून डबा घेऊन महककडे जाते.

परवा मी हार घ्यायला गेलो तर वीना जरा गप्प होती. कंधकोटहून तिच्या भावाचा फोन आला होता. ताईला ते लोक अदी म्हणतात. तो म्हणाला, अदी, तुझी सिंधी बिघडली, मधेच काहीतरी भलतंच बोलतेस. काय भलतं बोलले तेच मला कळत नाही सर, असं ती म्हणाली. त्याला सांग की आमच्याकडे असंच बोलतात, असं मी म्हणालो. ती थोडं हसली. तेवढ्यात एक बाई शेवंतीची वेणी मागायला आली, आणि ती उठून टोपलीकडे गेली.